सी-३०३चा शाकाहार

मी शाकाहारी झालो तो लिफ्टमध्ये. तळमजला ते तिसरा मजला, एवढ्या अंतरात. लोक त्यासाठी गुरू करतात, शिबिरांना जातात, जाड पुस्तकं वाचतात. मला तीन मजले पुरले. त्यातलाही पहिला मजला मी पाकीट खिशात नीट कोंबण्यात घालवला होता.

दोन हजार सहा सालचा जानेवारी महिना. त्या दिवशी माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. कोलेस्टेरॉल दोनशे बासष्ट. डॉक्टर म्हणाले होते, "तळलेलं बंद करा. तूप, लोणी, फरसाण बंद. मटण महिन्यातून एकदा. मासे खा, पण कालवणातले." हे सगळं त्यांनी एका कागदावर लिहूनही दिलं होतं आणि 'मासे चालतील'च्या खाली रेघ मारली होती. तो कागद माझ्या खिशात होता, हे मी आताच सांगून टाकतो. पुढे बायकोने तो शर्ट धुवायला टाकताना बाहेर काढला, तेव्हा जे झालं त्याची उजळणी मला दोनदा करवणार नाही.

लिफ्टमध्ये ईश्वरभाई होते. आमच्या सोसायटीचे चेअरमन, केबिन रोडवर गंजीफ्रॉक-मोज्यांचं दुकान, राहायला माझ्या बरोबर डोक्यावर, चौथ्या मजल्यावर. त्यांनी माझ्या हातातला रिपोर्ट पाहिला.

"क्या हरीशभाई, मुंह क्यूं उतरा है? डॉक्टर ने क्या बोला?"

माझं नाव हरिश्चंद्र. या नावाच्या माणसाने निदान लिफ्टमध्ये तरी खरं बोलायला हवं होतं. पण मी म्हणालो, "सब बंद, ईश्वरभाई. मच्छी, मटन, अंडा. आज से छोड दिया."

ईश्वरभाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि मला चक्क हात जोडले. "बहु सारु! बहु सारु, हरीशभाई! ऐसे कोई नहीं छोडता."

तिसरा मजला आला. मी बाहेर पडलो तेव्हा माझी छाती दोन इंच पुढे होती.

आता ही छाती कशासाठी पुढे आली, ते सांगायला हवं. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, मग काळाचौकी, आणि सत्त्याण्णव साली भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमधल्या या बिल्डिंगमध्ये आलो. मी, बायको सुलू, माझी आई (ती तेव्हा होती) आणि वडील. वडिलांचं नाव धाकू, पण गोदीत चाळीस वर्षं सगळे त्यांना दाजी म्हणायचे, म्हणून घरातही ते दाजीच. बिल्डिंगमध्ये अठ्ठावीस घरं. त्यात मासे खाणारी पाच. कुणी आम्हाला कधी वाकडं बोललं नाही. सणाला डबे यायचे, जायचे. पण बुधवारी, शुक्रवारी, रविवारी सुलूने तवा ठेवला आणि पहिली तुकडी तेलात पडली, की वर ईश्वरभाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद व्हायची. टक! बस, एवढंच. पण काळाचौकीला तळणीचा वास गेला की शेजारी भाकरी घेऊन यायचे. इथे खिडकी लागायची. नऊ वर्षं तो 'टक' मी मनात जमा करत आलो होतो. आणि आज त्याच खिडकीच्या मालकाने मला हात जोडले!

घरी येऊन मी जाहीर केलं. सुलू कोलंबी सोलत होती. ती म्हणाली, "हं. आणि ही कोण खाणार?"

"आज खातो. उद्यापासून."

दाजी पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "हरी, तुला लहानपणी गोवर आलेला तेव्हा पण तू भाताबरोबर बांगडा मागितलेलास."

मला वाटलं होतं, आठवडाभरात हे सगळं आपोआप विरून जाईल. पण ईश्वरभाई हा विरू देणारा माणूस नव्हता. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्यांनी माईक हातात घेतला आणि "सी-तीनसो-तीन के हमारे हरीशभाई" यांच्या त्यागावर दहा मिनिटं बोलले. मला शाल दिली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा लहान मुलांनी मला 'मच्छीवाले अंकल' न म्हणता नुसतं 'अंकल' म्हटलं. दुपारी हंसाबेन, म्हणजे ईश्वरभाईंच्या पत्नी, तुपात निथळणारा मोहनथाळ घेऊन आल्या. मग दुसऱ्या मजल्यावरून ढोकळा आला. पहिल्या मजल्यावरून फाफडा-जिलेबी. त्यागी माणसाला उपाशी राहू देऊ नये, अशी सगळ्या बिल्डिंगची भावना होती. डॉक्टरांनी नेमकं जे जे बंद करायला सांगितलं होतं ते सगळं आता रोज ताटं झाकून माझ्या घरी येत होतं.

आणि पुढच्या बुधवारी खालून हाक आली.

"दादा! ओ दादा! हलवा हाय हलवा, तुमच्यासाठी दडवून ठेवलाय!"

हा हलवा म्हणजे मासा, मिठाई नव्हे. आणि ही सुगंधाबाई. उत्तनच्या पुढे चौक गावात राहायची. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, बसने भाईंदर स्टेशन गाठायची, पूल ओलांडून पूर्वेला यायची आणि डोक्यावर पाटी घेऊन इंद्रलोकमधल्या दहा-बारा बिल्डिंगी करायची. नऊ वर्षं आठवड्यातून तीनदा. दाजी गुडघ्यांची कुरकुर ऐकत खाली जायचे, तिच्यासमोर स्टुलावर बसायचे, माशाचे कान उघडून बघायचे आणि तासभर भांडायचे. त्या भांडणासाठी ते दाढी करून जायचे. माझी आई गेली त्या वर्षी तेरा दिवस ती गेटवर नुसतीच थांबून, दाजींची चौकशी करून जायची. चौदाव्या दिवशी, घरात पहिलं तिखट शिजायचं म्हणून, पसाभर टपोरी कोलंबी सुलूच्या हातात दिली आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. अशी ही बाई. तिचा आवाज मात्र असा, की समुद्रात होडीवरच्या नवऱ्याला किनाऱ्यावरून ओरडायची सवय असणार.

"दादा! जिवंत व्हता सकाली, शपथ!"

खाली पार्किंगमध्ये ईश्वरभाई आणि सेक्रेटरी जितेंद्र पाण्याच्या टाकीची पाहणी करत होते. दोघांनी आधी सुगंधाबाईकडे आणि मग माझ्या खिडकीकडे बघितलं. मी पडद्यामागे गेलो. शाल मिळून सहा दिवस झाले होते हो!

दाजी खाली गेले, सुलू खाली गेली. मी म्हणालो, "मासे वर आणायचे नाहीत." सुलू म्हणाली, "तुम्ही नका खाऊ, आम्हाला काय झालंय?" मी म्हणालो, "एका घरात दोन तत्त्वं चालत नाहीत." हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं कोण जाणे. पण त्या दिवशी दाजी हलवा न घेता वर आले आणि सुगंधाबाई पाटी झाकून गेली. दोन दिवसांनी पुन्हा, "दादाऽऽ, रुसलात काय?" रविवारी पुन्हा. प्रत्येक हाकेला माझ्या शालीचा एकेक धागा उसवत होता.

म्हणून मार्चच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मला पुन्हा लिहू द्या, कारण मी पुढे कित्येक महिने स्वतःला उलटं पटवत होतो. मला कुणीही सांगितलं नव्हतं. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, गटाराचा विषय संपला होता, चहा यायचा होता, आणि मी उभा राहून म्हणालो, "मला असं सुचवायचं आहे, की आपल्या आवारात मासळी विकायला येणाऱ्यांचा जो आरडाओरडा आणि वास असतो, त्याला कुठेतरी आळा बसावा."

ईश्वरभाईंनी मला विचारलं, "पक्का, हरीशभाई?" मी म्हणालो, "पक्का." मग टाळ्या पडल्या. ईश्वरभाईंनी वाजवल्या की नाही, ते मी बघितलं नाही.

आता जितेंद्रबद्दल. जितेंद्र हा माणूस कुठल्याशा वकिलाकडे कामाला होता आणि ठराव हे त्याचं पहिलं प्रेम होतं. आरडाओरडा, वास असे हलके शब्द त्याला चालेनात. जातीय वगैरे वाटू नये म्हणून 'मासळी' हा शब्दही त्याने गाळला आणि आठ दिवसांनी फळ्यावर नोटीस लागली: 'ओल्या मालाच्या फेरीवाल्यांस आवारात सक्त मनाई.' वॉचमन विठू परभणीकडचा, शब्दाला जागणारा माणूस. त्याने पहिल्याच दिवशी दहीवाल्याला अडवलं. मग इडलीचं पीठ आणणाऱ्या अण्णाला. मग कोथिंबीरवाल्याला, कारण जुडीवर पाणी शिंपडलेलं होतं. संध्याकाळी इस्त्रीवाला गठ्ठा घेऊन आला, त्यातला हंसाबेनचा एक ड्रेस दमट निघाला, तर तोही परत.

"अरे विठू, डोकं आहे का?" जितेंद्र ओरडला.

"साहेब, वलं म्हंजे वलं," विठू म्हणाला. "आता तुम्ही घामानं वले झालेत, पण तुम्ही फेरीवाले नाहीत म्हणून सोडतोय."

मग दुरुस्ती ठराव. आता 'मासळी' असा स्वच्छ शब्द घालायचा ठरलं. पण जितेंद्र म्हणाला, खाली सूचकाचं नाव हवं, आणि ते मराठी असलं तर फार बरं दिसेल. मी कॉलर नीट केली. नोटीस नव्याने टाइप होऊन आली: सूचक, श्री. हरिश्चंद्र धाकू मांडवकर, सी-३०३. नाव ठळक होतं. ऑफिसला जाताना मी दोन वेळा वळून ते वाचलं.

त्या बुधवारी मी ऑफिसला एक तास लवकर गेलो. खरं सांगायचं तर पळालो. रात्री जेवताना सुलूने भोपळ्याची भाजी वाढली आणि म्हणाली, "विठूने तिला थांबवलं. तिने विचारलं, कुणी सांगितलं. त्याने नोटीस वाचून दाखवली."

"बरं."

"तुमचं नाव आलं तेव्हा म्हणाली, पुन्हा वाच."

मी घास हातात धरून थांबलो. "मग?"

"मग काही नाही. विठूला म्हणाली, पाटीला हात लाव. त्याने पाटी डोक्यावर चढवून दिली. गेली."

सुलूने ताक वाढलं. दाजींचं जेवण झालं होतं. अर्धी भाकरी ताटात तशीच होती.

त्यानंतर दाजींनी दाढी आठवड्यातून एकदाच करायला सुरुवात केली. मी म्हणालो, वय झालं.

घरातलं वातावरण सुधारावं म्हणून मी शाकाहाराला बळकटी आणायचं ठरवलं. जितेंद्रच्या ओळखीचा एक तरुण वसईकडून दर गुरुवारी सेंद्रिय भाजी आणून द्यायचा. खत नाही, औषध नाही, नुसतं शेण आणि श्रद्धा. मी नाव नोंदवलं. पहिल्या गुरुवारी पिशवीतून फ्लॉवर निघाला. फ्लॉवरमधून एक हिरवी अळी निघाली, मग तिची नातेवाईक मंडळी निघाली. सुलूने फ्लॉवर मिठाच्या पाण्यात बुडवला. दाजी चष्मा लावून बघत होते.

"हे काय?"

"सेंद्रिय आहे, दाजी. अळी असणं हे चांगलं लक्षण. औषध नाही त्याचा पुरावा."

"म्हणजे आपण हे खायचं?"

"अळ्या काढून."

"एखादी राहिली तर?"

"राहिली तर राहिली. शिजून जाईल."

दाजींनी चष्मा काढला. "हरी, हाड नसलेला जीव चालतो आणि काटा असलेला चालत नाही, असं आहे होय तुमच्या धर्मात?"

मी उरलेला फ्लॉवर पुन्हा मिठाच्या पाण्यात दाबला. कारल्याचा रस, दुधीचा रस, मोड आलेल्या मेथ्या असं सगळं मी त्यांच्यासमोर ठेवत राहिलो आणि ते मुकाट्याने थोडं खाऊन उरलेलं सरकवत राहिले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, गोदीत पोती वाहिलेला. त्याची पँट मे महिन्यात कमरेवरून घसरायला लागली तेव्हा सुलूने तिचं बटण मागे घेऊन लावलं. मला ते दिसलं. मी दुसरीकडे बघितलं. याच सुमाराला तो कागदही खिशातून निघाला. सुलूने रेघ मारलेलं वाचलं, कागद चौघडी करून देवघरात ठेवला आणि तीन दिवस माझ्याशी फक्त 'गॅस संपलाय' एवढंच बोलली.

आणि माझं काय? मी खरंच सोडलं होतं, एवढं तरी माझ्या बाजूने मांडून ठेवा. ऑफिसजवळच्या खाणावळीसमोर मी एकदा सात मिनिटं उभा राहिलो होतो. पण आत गेलो नाही. तो त्याग नव्हता. कुणी बघेल ही भीती होती. जूनमध्ये पुन्हा रक्त तपासलं. दोनशे एक्क्याऐंशी. मोहनथाळाने आपलं काम केलं होतं.

पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले आणि त्यांनी लेखी तक्रार केली, की दुपारी जिन्यात 'सडल्यासारखा' वास येतो. जितेंद्रचा चेहरा उजळला. 'वास शोध समिती' स्थापन झाली. अध्यक्ष कोण? ज्याला त्या वासाचा पूर्वानुभव आहे असा निर्व्यसनी माणूस. टाळ्या.

एका सुट्टीच्या दिवशी साडेबाराला आम्ही निघालो. पुढे मी, मागे ईश्वरभाई, त्यांच्यामागे रजिस्टर घेऊन जितेंद्र. तळमजल्यावर मीटरची खोली हुंगली. पहिल्या मजल्यावर कुणाचं तरी हिंगाचं वरण. दुसऱ्या मजल्यावर माझ्या नाकाला पहिली खबर लागली. सुका बोंबील. निखाऱ्यावर नाही, गॅसवर, जाळीवर भाजलेला. बाजूला कच्चा कांदा फोडलेला. माझं नाक छत्तीस वर्षांचं शिक्षण घेतलेलं, त्याची चूक होणं शक्य नव्हतं.

"गटार," मी म्हणालो. "हा गटाराचाच आहे. खाली चला."

"ऊपर से आ रहा है, हरीशभाई," ईश्वरभाई म्हणाले.

"वारा उलटा आहे."

"जिन्यात वारा?" जितेंद्रने लिहिता लिहिता विचारलं.

तिसरा मजला. तीनशे एकपाशी वास कमी, तीनशे दोनपाशी जास्त, आणि तीनशे तीनच्या दाराला तर नाक लावायची गरजच नव्हती. मी म्हणालो, "हे आमचंच आहे, इथे बघण्यासारखं काही नाही," आणि पुढे चालू लागलो. तेवढ्यात दार उघडलं. दाजी बाहेर चप्पल शोधायला आले होते. अंगात बनियन, हातात अर्धा बोंबील. त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं आणि पाहुणे आले की म्हणायचं ते म्हणाले.

"या. जेवायला बसा."

आत सुलू ताट वाढत होती. तिने मान वर केली, पण पदरसुद्धा सावरला नाही. अपराध आमचा नाही, असं तिच्या न थांबलेल्या हाताने सांगितलं. आणि दाजींच्या ताटात तांदळाची अख्खी भाकरी होती.

जितेंद्रने पेन काढलं. "सी-तीनशे तीन, वास आढळला..." असं तो पुटपुटत होता, तोच ईश्वरभाईंनी रजिस्टर मिटलं. "बडे आदमी का खाना चालू है," ते म्हणाले. "चल नीचे." दाजींना त्यांनी वाकून नमस्कार केला आणि जितेंद्रला दंडाला धरून खाली नेलं. वास शोध समितीचा अध्यक्ष जिन्यात एकटाच उभा राहिला.

संध्याकाळी ईश्वरभाई आले. मी माफीचं भाषण तयार ठेवलं होतं, पण त्यांनी ते काढू दिलं नाही.

"एक बात पूछूं? वो मच्छीवाली बाई से आपका झगडा क्या था?"

"झगडा? काही नाही."

"मग बंद कशाला केला?" ते मराठीवर आले. "मला वाटला तुमचा काही पर्सनल असेल. म्हणून मी पूछा ना, पक्का? हंसा तो बोलती थी, बिचारी इतनी दूर से आती है. तिची पानी की बाटली हंसाच भरून देत होती, नऊ साल."

"पण तुमची खिडकी..." माझ्या तोंडून निघून गेलं. "आम्ही मासे तळले की तुम्ही खिडकी बंद करायचात."

ईश्वरभाईंनी बोट वर, आपल्या घराकडे केलं. "हंसा को दमा है, हरीशभाई. तेल का धुआं लगता है. वो तो नीचे कुणी पुऱ्या तळल्या तरी पण खिडकी बंद करते. तुम्ही नऊ साल में एक बार पूछा असता..."

त्यांनी चहा घेतला आणि गेले. नऊ वर्षांचे ते सगळे 'टक' माझ्या मनात एकदम निकामी झाले. त्यांच्या जोरावर मी जे केलं होतं, ते तेवढं शिल्लक राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी जितेंद्रकडे गेलो. ठराव रद्द करायचा म्हणालो.

"तसा रद्द नाही होत," तो म्हणाला. "जनरल बॉडी लागते. चौदा दिवसांची नोटीस. आणि सूचकच रद्द करायला सांगतोय म्हटल्यावर कारण लेखी द्यावं लागेल."

"कारण लिहितो. मी मूर्ख आहे."

"ते इतिवृत्तात घेता येणार नाही," जितेंद्र गंभीरपणे म्हणाला. "आणि अजून एक आहे."

ते 'अजून एक' असं होतं, की आमच्या ठरावाची भाषा आजूबाजूच्या सोसायट्यांना इतकी आवडली, की त्याने सगळ्यांना झेरॉक्स वाटल्या होत्या. नमुना म्हणून. मी त्या संध्याकाळी इंद्रलोकमधून फेरी मारली. नऊ गेटांवर तीच नोटीस. त्यातल्या तिघांनी तर खालचं नावही खोडायची तसदी घेतली नव्हती. ज्या बिल्डिंगींत मला कुत्रं ओळखत नव्हतं, तिथे मी मासळीला मनाई केली होती. एका गेटवर मी माझ्या नावावर पेनने रेघ मारायला गेलो, तर तिथला वॉचमन धावून आला. "ओ, नोटीसला हात नाय लावायचा! ज्यानं लावलीय तो मोठा माणूस आहे."

आमचा ठराव ऑगस्टमध्ये रद्द झाला. ईश्वरभाईंनी पहिला हात वर केला. बाकीच्या आठ गेटांवर मी हातापाया पडत फिरलो. दोघांनी काढला, सहांनी 'मीटिंगमध्ये ठेवू' म्हटलं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर आला. घरात सुलू बाजारातून मासे आणू लागली, दाजी मुकाट्याने खाऊ लागले, पण कुणाशी भांडणार? मला मात्र गिळवेना. ताटात तुकडी आली की विठू नोटीस वाचतोय असं वाटायचं. गेटवर हाक काही आली नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी दाजी म्हणाले, "मला चौकला ने."

आम्ही तिघं स्टेशनच्या पश्चिमेहून बसने निघालो. उतरल्यावर एका म्हाताऱ्याने घर दाखवलं. आडव्या बांबूंवर बोंबील वाळत टांगलेले, त्यांच्या सावलीत सुगंधाबाई जाळ्याची गाठ सोडवत बसली होती. तिने दाजींना बघितलं, हातातलं टाकलं आणि धावत आली.

"बाबा! अरे देवा, किती वाललात!"

मागे ओळीने बोंबील वाळत होते आणि ती हे माझ्या वडिलांना म्हणत होती. दाजी हसले. फेब्रुवारीनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. सुलूचे डोळे भरले. मी मागे, हातात मिठाईचा बॉक्स घेऊन उभा.

"दादा पन आलंत? या, बसा." तिने मलाही पाट दिला. आवाजात कुठे टोचणी नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "सुगंधाबाई, तो ठराव रद्द झालाय. माझं चुकलं. तुम्ही पुन्हा या."

"व्हय? बरा झाला." तिने पदराने हात पुसले. "पन आता कशी येऊ, दादा? तिथल्या साऱ्या बिल्डिंगी बंद झाल्या. तुमच्या एका बिल्डिंगीसाठी पाटी कशी परवडंल? चार महिनं घरी बसलू. आता गोल्डन नेस्टकडं दोन जागा धरल्यात. बरा चाललाय."

"मी सगळ्यांना सांगतोय. हळूहळू..."

"ऱ्हाऊ द्या वो. झाला त्या झाला." आणि दाजींकडे वळून, "बाबा, जेवल्याशिवाय सोडनार न्हाय. सकालीच आलाय हलवा."

तिने रांधायला घेतलं. सुलू तिच्या शेजारी जाऊन बसली आणि खोबरं खवू लागली. चुलीवरच्या कालवणात कोकमाचं आगळ पडलं, लसूण पडला, आणि तो वास अंगणभर पसरला. दाजी जवळच्या ओट्यावर बसून माशाच्या कापांवरून तिच्याशी भांडत होते. कापं जाड झाली म्हणून. ती म्हणत होती, तुमाना काय कल्तं. मधे दोनदा ती उठून मागच्या दाराने कुठेशी जाऊन आली. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या पोटात खरीखुरी भूक जागी झाली. मी ठरवलं, आज जेवायचं. पोटभर जेवायचं आणि तिच्यासमोर जेवायचं.

पानं मांडली. दाजींच्या ताटात हलव्याचं कालवण, भात, वर डोक्याचा तुकडा. सुलूच्या ताटात तेच. मग सुगंधाबाई आत गेली आणि दुसरंच एक ताट दोन्ही हातांनी धरून, जपून घेऊन आली. लखलखीत घासलेलं. त्यात वरण, भात, बटाट्याची भाजी आणि दोन केळी.

"दादा, तुमी सोडलाय, विठूनं सांगितला व्हता. तुमाना वेगला केलाय," ती म्हणाली. "ताट देवलाच्या गुरवाकडनं मांगून आनला. आमच्यातल्या भांड्याला मासली लागलेली असतं ना. बटाटा पन वेगल्या चुलीवर केलाय. मनात काय आनू नका, बिनधास जेवा."

सुलूचा हात घासापाशी थांबला. ती हळूच म्हणाली, "अहो, सांगा ना त्यांना."

दाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून जेवू लागले.

सुगंधाबाई समोर उभी होती, पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम. ती गुरवाच्या दारात ताट मागायला गेली असेल तेव्हा तिने काय सांगितलं असेल? आमचे दादा आलेत, ते खात न्हाय. एवढंच. माझ्यासाठी एवढं करताना तिने ती नोटीस कुठे ठेवली होती, मला कळलं नाही. मी तोंड उघडलं. नऊ महिन्यांपूर्वी लिफ्टमध्ये जे वाक्य अर्ध्या मजल्यात निघालं होतं, त्याच्या उलटं वाक्य आता काही केल्या निघेना.

"बटाटा छान झालाय," मी म्हणालो. अजून घासही घेतला नव्हता.

"मंग लाजताय कशाला? घ्या अजून." तिने वाटी उचलली आणि माझ्याकडे वाकली.

मी ताट पुढे केलं.